राखीव संघ हवा कशाला?

मरोळ, प्रतिनिधी : मरोळ नाका स्थानकावर वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो पकडली, की पाचवे स्थानक आझादनगर. तेथून जवळच अंधेरीच्या क्रीडा संकुलातील मुंबई फुटबॉल अरेना आहे. २०१६ पासून हे मुंबई सिटी एफसीचे घरचे मैदान. त्याच मरोळ नाक्यावरून भुयारी मेट्रोने विधान भवन गाठले, तर कूपरेजचे जुने मैदान पायी जाण्याच्या अंतरावर येते. मुंबईतील स्थानिक लीगचे सामने पिढ्यान् पिढ्या या मैदानाने पाहिले. मरोळच्या एखाद्या होतकरू खेळाडूला ही दोन्ही मैदाने एकेका तिकिटाच्या अंतरावर आहेत. मात्र कूपरेजवरच्या स्थानिक सामन्यापासून अरेनातल्या व्यावसायिक सामन्यापर्यंतचा प्रवास तिकीट काढून होत नाही. त्या वाटेवरचा सर्वांत महत्त्वाचा आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहिलेला टप्पा म्हणजे क्लबचा राखीव संघ.

राखीव खेळाडू वेगळे, राखीव संघ वेगळा

सामन्याच्या वेळी मैदानाबाहेर बाकावर बसलेले असतात ते राखीव खेळाडू. राखीव संघ हा मात्र त्याच क्लबचा दुसरा, स्वतंत्र संघ असतो. त्याचा प्रशिक्षक वेगळा, सरावाच्या वेळा वेगळ्या आणि स्पर्धाही वेगळी. क्रिकेटच्या परिभाषेत सांगायचे तर ‘भारत अ’ संघासारखी ही व्यवस्था आहे. फरक इतकाच की, ‘अ’ संघ दौऱ्यापुरता निवडला जातो आणि राखीव संघ वर्षभर नांदतो.

या संघात साधारणपणे तीन प्रकारचे खेळाडू दिसतात. पहिले, १३, १५, १७ वर्षांखालील गटांतून वर आलेले तरुण. दुसरे, मुख्य संघाशी करार असूनही अकरांत स्थान न मिळालेले. तिसरे, दुखापतीतून सावरणारे अनुभवी खेळाडू. एखाद्या खेळाडूचा गुडघा बरा झाला की नाही, हे सरावातून पूर्णपणे कळत नाही. त्यासाठी खरा सामनाच लागतो. तो सामना राखीव संघ देतो.

लेवांडोवस्कीचा धडा

पोलंडमध्ये अशा संघांना क्लबच्या नावापुढे रोमन ‘दोन’चा अंक लावून ओळखले जाते. लेजिया वॉर्सा दोन, लेख पोझनान दोन अशी त्यांची नावे. हे संघ प्रौढ क्लबांच्याच लीगमध्ये खेळतात, जिंकले तर वरच्या श्रेणीत जातात आणि हरले तर खाली घसरतात. बंधन एकच, मुख्य संघ ज्या श्रेणीत आहे, त्या श्रेणीत दुसऱ्या संघाला खेळता येत नाही. लेख पोझनानचा दुसरा संघ २०१९ मध्ये देशाच्या तिसऱ्या श्रेणीत पोहोचला आणि काही वर्षे तेथे टिकला. १८ संघांच्या त्या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या वाट्याला हंगामात ३४ सामने येतात. समोर शाळकरी मुले नसतात. घरखर्चासाठी खेळणारे तिशीतले बचावपटू असतात. वयात येणाऱ्या खेळाडूला घडवते ती ही झुंज.

अर्थात राखीव संघ असला म्हणजे पारख अचूक होतेच, असे नाही. रॉबर्ट लेवांडोवस्की २००५-०६ च्या हंगामात लेजियाच्या राखीव संघात होता. दुखापत झाली आणि क्लबने त्याला सोडून दिले. तो झ्निच प्रुश्कुफ या छोट्या क्लबकडे गेला आणि लागोपाठ दोन हंगामांत, आधी तिसऱ्या व मग दुसऱ्या श्रेणीत, सर्वाधिक गोल करणारा ठरला. २००८ मध्ये लेख पोझनानने त्याला घेतले, २०१० मध्ये डॉर्टमुंडने. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. या कथेत लेजियाची चूक तर आहेच. पण आणखीही एक गोष्ट आहे. एका क्लबने दार लावल्यावर त्या मुलाला दुसरे दार उघडे सापडले, कारण खालच्या श्रेणींतही नियमित, चुरशीचे सामने होते.

आपल्याकडे काय घडले?

मुंबईत फुटबॉलची परंपरा जुनी आहे. रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा, हारवूड लीगही विसाव्या शतकाच्या आरंभीची. पुढे टाटा, मफतलाल, एअर इंडिया, महिंद्र अशा कंपन्यांच्या संघांनी हा खेळ जगवला. तेथे खेळाडूला नोकरी मिळे. पाय थकले तरी पगार चालू राहत असे. राखीव संघाची आजच्यासारखी गरज त्या व्यवस्थेला भासली नाही, कारण नोकरीच खेळाडूचा आधार होती.

ती व्यवस्था हळूहळू मोडली. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २००९-१० च्या हंगामानंतर बंद झाला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये आय-लीगमधून खाली घसरला आणि त्यानंतर विसर्जित झाला. मुख्य संघ मिटला, की त्याच्या मागे उभी असलेली मुलेही एका रात्रीत पोरकी होतात, हा धडा मुंबईने दोनदा घेतला.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा ती जेमतेम काही आठवड्यांची स्पर्धा होती. दुसऱ्या संघाचा विचार तिच्यात नव्हता. पुढे हंगाम लांबला, क्लबांना परवान्यासाठी युवा संघ ठेवणे आवश्यक ठरले आणि २०१७-१८ पासून सुपर लीगच्या क्लबांचे राखीव संघ आय-लीगच्या दुसऱ्या श्रेणीत दिसू लागले. मात्र या संघांना बढती नव्हती. गुणतक्त्यात पहिले आले तरी वर जाता येत नसे. पोलंडच्या आणि आपल्या व्यवस्थेतील मूळ फरक तो हाच.

करोनाच्या साथीत तीही वाट बंद झाली. २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात रिलायन्स फाऊंडेशन डेव्हलपमेंट लीग सुरू झाली. मुख्यतः २१ वर्षांखालील खेळाडूंसाठीच्या या पहिल्या स्पर्धेत ८ संघ होते. बेंगळुरू एफसी विजेता ठरला आणि केरळ ब्लास्टर्ससह इंग्लंडमधील युवा स्पर्धेसाठी गेला. उपक्रम स्तुत्य होता; पण एकेरी साखळीत प्रत्येक संघाच्या वाट्याला आले ७ सामने. पोलंडमधला समवयस्क ३४ सामने खेळत असताना आपला मुलगा ७ खेळणार असेल, तर दोघांमधील अंतर गुणवत्तेचे म्हणायचे की संधीचे? दुसऱ्या वर्षी ही स्पर्धा देशभर विभागवार झाली आणि संघांची संख्या वाढली, ही त्यातली समाधानाची बाब.

गोव्याने दाखवलेली वाट

उपाय फार दूर नाही. एफसी गोवाने आपला विकास संघ स्थानिक गोवा प्रोफेशनल लीगमध्ये उतरवला. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स अशा मुरलेल्या क्लबांशी दोन हात करीत या संघाने २०१८-१९ मध्ये ती लीग जिंकली. त्याच संघातून सेव्हियर गामासारखा बचावपटू मुख्य संघात आला. कोलकात्यातही मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे क्लब अलीकडे स्थानिक लीगमध्ये बहुतांशी राखीव खेळाडूच उतरवतात. जिल्ह्याची जुनी लीग आणि व्यावसायिक क्लबचा दुसरा संघ यांची अशी सांगड दोघांच्याही हिताची असते. क्लबला चुरशीचे सामने मिळतात आणि स्थानिक लीगला प्रेक्षक.

नियमांचीही मदत होऊ शकते. २०२१-२२ पासून सुपर लीगमध्ये मैदानावर एका वेळी परदेशी खेळाडूंची संख्या चारवर आणण्यात आली. म्हणजे अकरांत किमान सात भारतीय आले. विकसनशील खेळाडूंच्या करारांची किमान संख्याही वाढवण्यात आली. जागा निर्माण झाल्या. त्या भरण्यासाठी तयार खेळाडू हवेत.

अडचणीच्या काळात कसोटी

राखीव संघ प्रेक्षक खेचत नाही, तिकिटे विकत नाही, प्रायोजक आणत नाही. खर्च मात्र होतच असतो. प्रशिक्षक, फिजिओ, निवास, प्रवास, आहार. त्यामुळे ताळेबंद बिघडला की पहिली कात्री येथे लागण्याची भीती असते. २०२५ मध्ये सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला, तेव्हा काही क्लबांनी मुख्य संघाचेच काम थांबवले. बेंगळुरू एफसीने मुख्य संघाचे वेतन स्थगित करताना युवा संघांचे काम सुरू राहील, असे जाहीर केले, हे नोंद घेण्याजोगे. मुंबई सिटीतही २०१९ मध्ये बहुसंख्य हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुप २०२५ च्या डिसेंबरमध्ये बाहेर पडला. मालक बदलतात, करार संपतात. १९ वर्षांच्या खेळाडूची उमेदीची वर्षे मात्र थांबून राहत नाहीत.

पालकांनी काय विचारावे?

क्लबकडून बोलावणे आले, की घरात पेढे वाटले जातात. ते योग्यच, पण करारावर सही करण्यापूर्वी काही प्रश्न विचारायला हवेत. हंगामात अधिकृत सामने किती मिळणार? वयोमर्यादा ओलांडल्यावर कराराचे काय? दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोणाचा? दुसऱ्या क्लबकडे उसना खेळायला पाठवण्याची सोय आहे का? आणि शिक्षण सुरू ठेवता येईल का? यातील पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सुंदर जर्सी आणि हिरवेगार सराव मैदान डोळ्यांत भरते, पण खेळाडू घडतो तो सामन्यांत.

मुख्य संघाचे यश चषकांच्या संख्येवर मोजले जाते. राखीव संघाचे यश मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पाच वर्षांत त्यातून किती मुले वर गेली आणि जी गेली नाहीत, त्यांच्यापैकी किती जण अन्यत्र खेळत राहिली, एवढे पाहिले तरी पुरे. मरोळ नाक्याहून आझादनगरला जाणारी गाडी संध्याकाळी प्रेक्षकांनी भरते. त्या गाडीतला एखादा मुलगा पुढे प्रेक्षकांच्या बाकांवर न बसता मैदानात उतरावा, असे वाटत असेल, तर दुसऱ्या संघाला पुरेसे सामने मिळवून द्यावे लागतील.