जुन्या वाड्याची डागडुजी

बेळगावच्या पावसात आमच्या वडिलोपार्जित वाड्याची भिंत फुगली, तेव्हा सर्वांत कमी दराच्या कंत्राटदारास आम्ही निम्मी रक्कम आगाऊ दिली. त्याने चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविला. चुना ओल बाहेर पडू देतो, सिमेंट ती आत कोंडते; काही पावसाळ्यांत भिंतीत बसविलेल्या तुळयांची टोके कुजली. पुढे एक वृद्ध गवंडी भेटले. त्यांनी प्रथम तीन पावसाळे सोसलेले आपले काम दाखविले. मग गिलावा खरवडून, भिंत वाळवून, मुरविलेल्या चुन्याने ती पुन्हा लिंपली.

व्यापारी बंधूंनो, माल पारखल्यावाचून आपण सौदा करीत नाही. मग घर सोपवितानाच ती दक्षता का सोडावी? जुने काम पाहावे, करार लेखी करावा आणि अखेरचा हप्ता एक पावसाळा उलटल्यावरच चुकता करावा.