गच्चीवरचे लिंबू आणि विदर्भातली संत्री

गच्चीवर किंवा बाल्कनीत एखादे फळझाड लावायचे ठरले की बहुतेक मराठी घरांत पहिले नाव निघते ते लिंबाचे. अलीकडे त्याच्या जोडीला बिनबियांचे लिंबू, कुमक्वाट, थायी स्वयंपाकात पाने वापरतात ते मक्रुट लिंबू अशी परदेशी रोपेही कुंड्यांमधून दिसू लागली आहेत. हा छंद वाढावा, असेच मला मनापासून वाटते. मात्र लिंबूवर्गीय झाड घरी आणताना त्याचे घराणे, त्याच्या गरजा आणि त्याचे आजार समजून घेतले पाहिजेत. त्याच्या आजारांना घराचे कुंपण अडवू शकत नाही.

घराणे हिमालयाच्या पायथ्याचे

सन 2018 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लिंबूवर्गाच्या जनुकीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानुसार या कुळाचा उगम सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या पट्ट्यात झाला. मेघालयातल्या गारो टेकड्यांत नोकरेकच्या जंगलात आजही ‘मेमांग नारंग’ हे रानटी संत्रे वाढते आणि त्याच्यासाठी तिथे खास अभयारण्य राखलेले आहे.

आज आपण खातो त्यातली बहुतेक फळे संकरातून आली आहेत. महाळुंग, पपनस आणि रानटी संत्रे हे त्यांचे मुख्य पूर्वज. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, ते हेच महाळुंग. पपनस आणि संत्र्याच्या संकरातून मोसंबी आली. आपले कागदी लिंबू हे महाळुंग आणि फिलिपिन्समधल्या एका रानटी जातीचे अपत्य आहे.

हे कुळ उबेचे. सुमारे 13 अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाढ जवळजवळ थांबते. म्हणूनच युरोपातल्या राजांना नारिंगाच्या हौसेपायी इमारती उभाराव्या लागल्या. व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 या काळात मांसार या वास्तुकाराने बांधलेल्या भव्य दालनात लाकडी पेट्यांतली हजाराहून अधिक झाडे आजही हिवाळा काढतात आणि उन्हाळ्यात बाहेर येतात. कुंडीत लिंबूवर्गीय झाड वर्षानुवर्षे जगवता येते, याचा हा जवळजवळ साडेतीनशे वर्षांचा पुरावा आहे. आपल्याला ना काचेची दालने लागतात ना शेकोट्या. आपली अडचण वेगळी आहे.

झाड हिरवेगार, पण फळ नाही

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक बागप्रेमीकडून ऐकू येते. तिची पहिली दोन कारणे म्हणजे ऊन आणि वय. रोज किमान सहा तास थेट ऊन मिळाले नाही तर लिंबू नुसती पाने काढते. बियांपासून केलेल्या झाडाला फळासाठी पाच-सहा वर्षे थांबावे लागते, तर गुटी किंवा कलमाचे झाड त्याहून बरेच लवकर धरते. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुधा एकाहून अधिक रोपे उगवतात. त्यांतली बहुतेक हुबेहूब आईसारखी निघतात, म्हणून बियांचे झाडही फसवे नसते. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

तिसरे कारण आपल्या प्रेमाचे, म्हणजे रोजच्या पाण्याचे. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी बहार धरण्यासाठी बागेचे पाणी तोडतो आणि झाडाला ताण देतो. वाढ थांबते, झाड अन्न साठवते आणि पुन्हा पाणी मिळताच फुलावर येते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया, पावसाच्या तोंडावर मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. हस्ताची लिंबे ऐन उन्हाळ्यात, चढ्या भावाच्या दिवसांत मिळतात. हीच रीत कुंडीत चालते, फक्त माती थोडी असल्याने ताण थोड्या दिवसांचा हवा. पाने किंचित मलूल होताच पाणी सुरू करावे आणि शेणखत द्यावे. रोगट किंवा नुकत्याच कुंडी बदललेल्या झाडाला ताण देऊ नये.

मुंबई-कोकणात धरलेले संत्रे पिकूनही हिरवे राहिले तर घाबरू नये. सालीला केशरी रंग चढायला गार रात्री लागतात. नागपूरच्या आंबिया बहाराला त्या हिवाळ्याच्या तोंडावर मिळतात, किनारपट्टीला मिळत नाहीत.

कलमी झाड घेतले तर त्याचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम केले ते खालचे मुळांचे झाड, ओळखून ठेवा. संत्र्याचे डोळे बहुधा जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरलेले असतात. जोडाच्या खालून येणारी फूट त्या खुंटाची असते, ती वेळीच काढली नाही तर संत्रे मागे पडून जंभेरीच वाढते. जोड मातीत गाडू नये आणि कुंडीत पाणी साचू देऊ नये. त्यातूनच बुरशी लागून खोडातून डिंक गळू लागतो. शेतकरी त्याला डिंक्या म्हणतात.

कीड लहान, परिणाम मोठा

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती लिंबू फुलपाखराची. तिच्यासाठी औषध फवारू नका. अळ्या हाताने वेचून कढीपत्त्यावर सोडा, तोही याच कुळातला असल्याने त्या तिथे वाढतात.

खरी दक्षता हवी ती सायला या दोन-तीन मिलिमीटरच्या, रस शोषणाऱ्या किडीबाबत. ती ग्रीनिंग रोगाचे जिवाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. हे जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतात. फळे वाकडी, लहान आणि कडवट होतात, शेवटी झाड वाळते. बागेतले झाड बरे करील असा खात्रीचा इलाज अजून नाही. पानांवरून संशय घेता येतो. जस्ताच्या कमतरतेने येणारा पिवळेपणा पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो, ग्रीनिंगमध्ये तो दोन बाजूंना वेगवेगळा आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात ही कीड 1998 मध्ये सापडली आणि रोपवाटिकांतून विकल्या गेलेल्या शोभेच्या कुंतीच्या रोपांवरून राज्यभर पसरली. 2005 मध्ये तिथे ग्रीनिंग आढळला. त्यानंतरच्या दोन दशकांत तिथले संत्र्याचे उत्पादन 90 टक्क्यांहून अधिक घसरले. वादळांचा त्यात वाटा आहे, पण मुख्य घाव या रोगाचा. कॅलिफोर्नियात 2012 मध्ये हा रोग प्रथम सापडला तो लॉस एंजेलिसजवळच्या हॅसिएंडा हाइट्समध्ये, एका घराच्या अंगणातल्या झाडावर. त्या झाडावर अनेक जातींची कलमे बांधलेली होती. डोळाकाडी, म्हणजे कलमासाठी घेतलेली फांदी, कुठून आली हे न पाहता कलम बांधले की रोगही सोबत येऊ शकतो.

आपल्याकडे ही कीड आणि हा रोग दोन्ही आहेत आणि विदर्भातल्या हजारो कुटुंबांची उपजीविका संत्र्यावर आहे. त्यामुळे नागपूर, अमरावती, जालना या भागांत घरी झाड लावणाऱ्याची जबाबदारी अधिक मोठी. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत शेंड्याच्या अतिसूक्ष्म टोकापासून रोगमुक्त मातृवृक्ष तयार करतात, कारण त्या टोकापर्यंत रोगजंतू सहसा पोचलेले नसतात. असे मातृवृक्ष वापरणाऱ्या रोपवाटिकेचे रोप चार पैसे महाग पडले तरी तेच घ्यावे.

लिंबूवर्गीय रोप घेणार असाल तर एवढे पाळा. मातृवृक्ष कोणता, हे सांगू शकेल त्याच रोपवाटिकेतून रोप घ्या. परदेशातून येताना सामानात फांदी, डोळाकाडी किंवा रोप आणू नका. नवी पालवी आली की पानांची खालची बाजू पाहत जा. शंका आली तर पान घेऊन कृषी विद्यापीठाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाला दाखवा आणि रोग ठरला तर जीव घट्ट करून झाड काढून टाका. आपल्या एका कुंडीची काळजी घेणे म्हणजे दूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बागेची राखण करणे आहे.