कॉम्बिनेशन मायक्रोवेव्ह ओव्हनमधील विद्युत दोषांचे निदान : पळसदरी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : कॉम्बिनेशन ओव्हनमध्ये मायक्रोवेव्ह, ग्रिल व कन्व्हेक्शन या तीन कार्यपद्धती एकाच पेटीत असतात. त्यांपैकी कोणती चालते, कोणती बंद पडते आणि कोणत्या क्षणी वीज खंडित होते, या निरीक्षणांतून दोषाचे स्थान बरेचसे निश्चित करता येते. प्रस्तुत लेखात या निदानपद्धतीचे आणि दमट हवामानात उद्भवणाऱ्या गळती-प्रवाहाचे विवेचन केले आहे.

१. प्रस्तावना

पळसदरी हे कर्जत-खोपोली रेल्वेमार्गावरील कर्जतनंतरचे पहिले स्थानक होय. येथून जवळच खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि घाटातील पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. ज्या पावसाने ही वीज दिली, तोच पाऊस आज या परिसरातील घरगुती विद्युत उपकरणांची कसोटी पाहतो. कर्जत-खालापूर भागात केवळ सुटीच्या दिवशी उघडली जाणारी अनेक घरे आहेत. समजा, असे एखादे घर पावसाळाभर बंद राहिले व नवरात्रात उघडले. ओव्हनमध्ये दूध गरम होते; परंतु कन्व्हेक्शन सुरू करताच घरातील गळती-संरक्षक ब्रेकर पडतो. अशा वेळी 'ओव्हन जळाला' असा निष्कर्ष काढला जातो, किंवा त्याहून घातक म्हणजे ब्रेकरच जोडणीतून वगळला जातो. हे दोन्ही निर्णय निदानाअभावी घेतलेले असतात.

२. उपकरणाची रचना

पोकळी-मॅग्नेट्रॉन १९४० मध्ये बर्मिंगहॅम येथे रँडल व बूट यांनी रडारसाठी विकसित केला. पुढे अमेरिकेत पर्सी स्पेन्सर यांनी त्याचा अन्न शिजविण्यासाठी उपयोग केला व १९४७ मध्ये असे ओव्हन बाजारात आले. घरगुती ओव्हनमधील मॅग्नेट्रॉन २.४५ गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरी निर्माण करतो. त्यासाठी रोहित्र २३० व्होल्टचा दाब सुमारे २,००० व्होल्टपर्यंत वाढविते. कॅपॅसिटर व डायोड यांच्या जोडणीतून मॅग्नेट्रॉनला सुमारे ४,००० व्होल्टचा शिखर-दाब मिळतो. (इन्व्हर्टर पद्धतीच्या ओव्हनमध्ये रोहित्राऐवजी इलेक्ट्रॉनिक मंडल असते.)

ग्रिल व कन्व्हेक्शन यांचे हीटर मात्र थेट २३० व्होल्टवर चालतात. कन्व्हेक्शनसाठी हीटरसमवेत पंखा व तापमान-संवेदक असतो. फ्यूज, दरवाजाचे स्विच, उष्णता-कटआउट आणि नियंत्रण-पट्ट यांचा बराचसा भाग सामाईक असतो. सामाईक भाग बिघडल्यास सर्वच कार्ये बंद पडतात. स्वतंत्र शाखा बिघडल्यास एकच कार्य बंद पडते. निदानाचा पाया हाच आहे.

३. पेटी न उघडता करावयाची तपासणी

प्रथम पुरवठा तपासावा. २,००० वॅटच्या भारास सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणून ६ अँपिअरच्या सॉकेटवर असा ओव्हन चालवू नये. सॉकेट तापणे, काळा पडणे ही सैल जोडणीची लक्षणे होत. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २३० वरून १९० व्होल्टवर आल्यास १,५०० वॅटचा हीटर सुमारे १,०२० वॅटच देतो. केक कच्चा राहण्याचे कारण अशा वेळी ओव्हनमध्ये नसून पुरवठ्यात असते.

मायक्रोवेव्हची शक्ती मोजण्यासाठी १ लिटर पाणी पूर्ण शक्तीवर ६० सेकंद तापवावे. तापमानात झालेल्या वाढीस (अंश सेल्सिअस) ७० ने गुणल्यास पाण्याला मिळालेली शक्ती वॅटमध्ये मिळते. १० अंशांची वाढ म्हणजे सुमारे ७०० वॅट. ही चाचणी महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही सहज करता येईल.

४. लक्षणांवरून दोषस्थान

(अ) दिवा, पडदा व सर्व कार्ये बंद : पुरवठा, फ्यूज, उष्णता-कटआउट किंवा नियंत्रण-पट्ट.

(आ) तबकडी फिरते, हीटर चालतात, परंतु मायक्रोवेव्हने पाणी तापत नाही : उच्चदाब शाखा किंवा तिचा रिले. डायोडची तपासणी साध्या मल्टिमीटरने केल्यास चांगला डायोडही दोन्ही दिशांनी खुला दिसतो, कारण तो वाहता होण्यास लागणारा दाब मीटरमध्ये नसतो. यामुळे चांगला भाग बदलला जाण्याची शक्यता असते.

(इ) मायक्रोवेव्ह सुरू होताच फ्यूज जातो : कॅपॅसिटर, डायोड वा रोहित्रातील शॉर्ट.

(ई) दरवाजा उघडताना फ्यूज जातो : मुख्य दरवाजा-स्विच चिकटल्याची शक्यता. तो उघडला नाही तर तिसरा 'देखरेख' स्विच जाणीवपूर्वक शॉर्ट करून फ्यूज उडवितो, जेणेकरून दार उघडे असताना लहरी बाहेर पडू नयेत. येथे अधिक क्षमतेचा फ्यूज घालणे म्हणजे ही सुरक्षा निकामी करणे होय.

(उ) केवळ कन्व्हेक्शन तापत नाही : हीटर, त्याचा रिले, कटआउट वा संवेदक. १,५०० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे ३५ ओहम अपेक्षित असतो. अनंत रोध आढळल्यास तार तुटलेली आहे.

(ऊ) केवळ कन्व्हेक्शनवर गळती-संरक्षक ब्रेकर पडतो : हीटरमधील विद्युतरोधन कमी झाल्याची दाट शक्यता.

५. दमटपणा आणि गळती-प्रवाह

पळसदरीसारख्या ठिकाणी शेवटचे लक्षण विशेष महत्त्वाचे ठरते. धातूच्या नळीतील हीटरमध्ये तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी आर्द्रता शोषते. नियमित वापरात उष्णतेमुळे ती कोरडी राहते; महिनोन्‌महिने बंद राहिल्यास टोकांतून ओलावा शिरतो. हीटरचा रोध ३५ ओहमच राहतो, म्हणून साध्या तपासणीत तो निर्दोष भासतो. परंतु तार व नळी यांमधून प्रवाह जमिनीकडे झिरपू लागतो. ३० मिलिअँपिअरच्या ब्रेकरला २३० व्होल्टवर साधारण ७.७ किलोओहमची गळती पुरेशी होते. प्रत्यक्षात तो याहून कमी प्रवाहावरही पडू शकतो.

याचे निश्चित निदान ५०० व्होल्टच्या मेगरने होते. हीटरची दोन्ही टोके मंडलातून सोडवूनच हे मापन करावे, अन्यथा नियंत्रण-पट्ट खराब होईल. रोध १ मेगओहमपेक्षा कमी असल्यास तंत्रज्ञाने हीटर काढून सौम्य उष्णतेने वाळवावा व पुन्हा मोजावा. रोध न वाढल्यास तो बदलावा. संपूर्ण ओव्हन टाकून देण्याचे कारण नाही.

ब्रेकर वगळल्यास मात्र काय घडते? सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात बेसाल्टचा कातळ वरच आहे. अशा जमिनीत चांगला भूसंपर्क मिळणे कठीण, आणि उन्हाळ्यात माती सुकल्यावर तो आणखी दुबळा होतो. भूसंपर्क दुबळा असेल तर गळती-प्रवाहाला वाट मिळत नाही व ओव्हनची धातूची पेटी दाबाखाली येते. तिला स्पर्श करणारी व्यक्तीच मग भूसंपर्क ठरते. ब्रेकर शाबूत असेल तर तो त्या क्षणी पुरवठा तोडतो. वगळलेला असेल तर तोडणारे कोणी उरत नाही.

६. सुरक्षिततेची मर्यादा

प्लग काढल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये घातक भार राहू शकतो. त्याच्या आतील रोधक तो हळूहळू उतरवितो. पण तो रोधक तुटला असल्यास बाहेरून काहीच कळत नाही. चालू ओव्हनमधील २,००० व्होल्टच्या स्पर्शातून बचावण्याची आशा अल्प असते. उच्चदाब भागाचे प्रत्यक्ष मापन चालू स्थितीत तंत्रज्ञही करीत नाहीत. म्हणून कलम ३ मधील तपासणी व कलम ४ मधील लक्षणांची नोंद वापरकर्त्याने करावी; पेटी केवळ प्रशिक्षित तंत्रज्ञाने उघडावी.

७. निष्कर्ष

ओव्हनचे तीन स्वतंत्र मार्ग परस्परांची साक्ष देतात. ती साक्ष नीट नोंदविल्यास निष्कारण खर्च टळतो. त्याहून महत्त्वाचे असे की, उडालेला फ्यूज व पडलेला ब्रेकर हे दोष नसून दोषाची सूचना आहेत. बंद घर उघडल्यावर ब्रेकरचे चाचणी-बटण दाबून तो कार्यक्षम असल्याची खात्री करणे व उन्हाळ्यात भूसंपर्क तपासून घेणे, एवढी दक्षता घेतल्यास दमट हवेतील बिघाड हा दुरुस्तीचा विषय राहील, अपघाताचा होणार नाही. गृहविज्ञान व भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा विषय वर्गात मांडल्यास विद्यार्थ्यांमार्फत तो घरोघर पोहोचेल.