पाठीवरचा हात



ऊसनोंदीच्या वेळी शेती खात्याच्या मंडळींबरोबर आम्हीही वस्त्यांवर फिरलो. एका वस्तीवर ऐंशीच्या घरातले जुने सभासद ओसरीत एकटेच बसले होते. दोन्ही मुलगे पुण्याला नोकरीला, शेत वाट्याने दिलेले. मुलगे पैसे वेळेवर पाठवतात, डबा शेजारून येतो. तसे पाहिले तर कमी काहीच नाही. फॉर्मवर अंगठा घ्यायला आम्ही त्यांचा हात धरला. अंगठा उमटला, शाई पुसली, पण आजोबा आमचा हात सोडीनात. म्हणाले, "बस की रं जरा. म्हातारी गेल्यापासनं अंगाला कुणाचा हात म्हणून लागला नाय."

आम्हाला काय बोलावे ते सुचेना.

हे दुखणे एकट्या आजोबांचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाचतो. त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू होतात, असा अंदाज आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह यांचा धोका एकटेपणाने वाढतो.

मग हातात असे काय आहे? आपल्या कातडीत काही बारीक मज्जातंतू असे आहेत, की ते हळुवार फिरणाऱ्या हातालाच ओ देतात. वेग सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर. म्हणजे आई डोक्यावरून हात फिरवते तेवढाच.

१९७८ साली कोलंबिया देशात, बोगोटा शहरातील एका प्रसूती दवाखान्यात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडू लागल्या. डॉ. एडगर रे यांनी ती बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. पुढे भारतासह पाच देशांत याची पाहणी झाली. २०२१ साली आकडे आले. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या कमी वजनाच्या बाळांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली. प्रकृती स्थिर झाल्यावर मग धरलेल्यांपैकी १५.७ टक्के. एवढा फरक!

आपल्या घरांत हे होतेच की. तान्ह्याला पायांवर घेऊन तेल चोळणे, म्हाताऱ्यांचे पाय चेपणे, गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटे मोडणे. आता हात मोबाईलवर गुंतले. गाईच्या पाठीवर थाप दिल्याशिवाय आपण गोठ्यातून बाहेर पडत नाही. पण आपल्या बापाच्या पाठीवर शेवटचा हात कधी ठेवला, हे आठवून पाहा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. समोरच्याला नको असेल तर जवळीक लादू नये. आणि हा हात औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीला आहे. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी चालूच ठेवावी.

शहरात असलेल्या मुला-मुलींना हे पान जरूर वाचून दाखवा. पैसे पाठवता, फोन करता, चांगलेच आहे. पण फोनमधून हात येत नाही. गावी या, घटकाभर पाय चेपा. आणि शेजारच्या वस्तीवर कुणी एकटे असेल, तर मुलांची वाट कशाला पाहायची? जाता-येता आपणच पाच मिनिटे टेकावे, हात हातात घ्यावा. यालाही सहकारच म्हणतात.