काळी मेंदी आणि डबीमागची बारीक अक्षरे

लग्नसराईत मेंदीचे दोन प्रकारचे कोन विकले जातात. एक रात्रभर हातावर ठेवावा लागतो. सकाळी पापुद्रे झडले की खाली फिकट नारिंगी रंग दिसतो आणि तो दीड-दोन दिवसांत गडद होत तपकिरी होतो. दुसरा कोन अर्ध्या-पाऊण तासात कुळकुळीत काळा रंग देतो. बहुतेक वेळा दोन्हींच्या वेष्टनावर हिरवे पान असते आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असेही छापलेले असते.

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्वचेवर ते नारिंगीपासून तपकिरीपर्यंतच्याच छटा देते. निव्वळ मेंदीने हात काळा होत नाही. झटपट काळा रंग हवा असेल तर सहसा त्यात पॅरा-फेनिलीनडायअमीन, म्हणजे पीपीडी, मिसळतात. केस काळे करण्याच्या डायमधला हा नेहमीचा घटक. युरोपात केसांना लावायच्या मिश्रणात तो दोन टक्क्यांपर्यंतच चालतो, आणि अमेरिकेत तर त्वचेवर थेट लावायला त्याला परवानगीच नाही. काही जणांच्या हातावर मेंदीच्या नक्षीबरहुकूम फोड उठतात. फोड बरे होतात, पण एकदा जडलेली अॅलर्जी सहसा आयुष्यभर सोबत करते. पुढे केव्हातरी पहिल्यांदा केस रंगवायला घेतले की टाळू आणि डोळे सुजतात, आणि बालपणीच्या एका हळदी समारंभाशी त्याचा संबंध असेल हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. केसांसाठी ‘हर्बल काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुड्यांचीही तीच गत. पुडी उलटून बारीक अक्षरे वाचली की पीपीडीचे नाव बऱ्याचदा सापडते.

मग कायदा काय म्हणतो? भारतात ‘सेंद्रिय’ या शब्दाला खाद्यपदार्थांपुरता पक्का आधार आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे 2017 चे नियम आहेत, ‘जैविक भारत’ हे चिन्ह आहे आणि शेतापासून पाकिटापर्यंतच्या प्रमाणीकरणाची व्यवस्था आहे. सौंदर्यप्रसाधनांचा संसार वेगळा. त्यांना 1940 चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि 2020 चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. उत्पादकाला परवाना लागतो, घटकांची यादी छापावी लागते, शिसे, अर्सेनिक आणि पारा यांवर बंधने आहेत. पण ‘नैसर्गिक’ किंवा ‘ऑरगॅनिक’ क्रीम म्हणजे किती टक्के काय, याची व्याख्या त्यात नाही. स्वयंपाकघरातल्या सेंद्रिय हळदीला प्रमाणपत्राशिवाय तो शब्द वापरता येत नाही. तीच हळद चिमूटभर क्रीममध्ये पडली की शब्द बराच स्वस्त होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘नैसर्गिक’, ‘ऑरगॅनिक’ असे मोघम शब्द वापरताना पुरावा आणि खुलासा द्यावा, अशी त्यात अपेक्षा आहे.

एखादी वस्तू औषध, अन्न की प्रसाधन, हे ठरवण्यात त्वचेपेक्षा करखात्याला जास्त रस असतो, ही यातली गंमत. पेंढरकरांच्या विको कंपनीचे हळदीचे क्रीम प्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. खोबरेल तेलाचेही तसेच. महाराष्ट्रात ज्या बाटलीतले तेल डोक्यावर थापले जाते ते करापुरते खाद्यतेल की केशतेल? डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केशतेल म्हणून विकले नसेल तर छोट्या बाटलीतलेही खोबरेल खाद्यतेलच. तेव्हा बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिले आहे एवढ्यावरून आतला माल सौम्य आहे असे मानायचे कारण नाही. तो कोणत्या परवान्याखाली बनतो, इतकाच त्याचा अर्थ.

युरोपात खासगी संस्थांनी तरी काही गणित घालून दिले आहे. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ब्रिटनमधल्या पाच संस्थांनी मिळून ‘कॉसमॉस’ हे मानक तयार केले. त्यानुसार क्रीमला सेंद्रिय म्हणवून घ्यायचे तर एकूण वजनाच्या किमान 20 टक्के घटक सेंद्रिय हवेत. शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या वस्तूत 10 टक्केही पुरतात. आकडे ऐकून नाक मुरडण्याआधी एक लक्षात घ्यावे: लोशनमध्ये सगळ्यात जास्त असते ते पाणी, आणि पाणी शेतात पिकत नसल्याने ते सेंद्रिय धरत नाहीत. वनस्पतीपासून मिळणाऱ्या घटकांवर याच मानकाच्या वेगळ्या, बऱ्याच कडक अटी आहेत. कॉसमॉसचा शिक्का म्हणजे निदान कोणीतरी त्रयस्थाने कागदपत्रे तपासलेली असतात. कंपनीने स्वतःच काढलेल्या गोल हिरव्या पानाला तेवढीही किंमत नाही.

जिथे पाणी तिथे बुरशी आणि जिवाणू आलेच. घरी काढलेला कोरफडीचा गर दोन दिवसांत वास मारू लागतो. दुकानात तोच गर वर्षभर टिकतो, कारण त्यात परिरक्षक घातलेले असते. इथे पॅराबेनची गोष्ट सांगायलाच हवी. 2004 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना स्तनाच्या गाठींच्या ऊतींमध्ये पॅराबेनचे अंश आढळले. त्यामुळेच कर्करोग झाला असे त्या अभ्यासाने सिद्ध केले नव्हते, पण धास्ती पसरली आणि ‘पॅराबेन-फ्री’ हे विक्रीचे ब्रीदवाक्य झाले. कंपन्यांना पर्याय हवा होता. अनेकींनी मेथिलआयसोथायाझोलिनोन वापरले. थोड्याच वर्षांत त्वचारोगतज्ज्ञांकडे त्याच्या अॅलर्जीचे रुग्ण वाढले. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या तज्ज्ञ संघटनेने 2013 मध्ये त्याला ‘वर्षातला अॅलर्जीकारक’ ठरवले आणि युरोपने पुढे त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांतून ते हद्दपार केले. याच संघटनेने 2019 मध्ये पॅराबेनना ‘अॅलर्जी न करणारा घटक’ म्हणून चक्क मान दिला. काही पॅराबेनवर युरोपात बंदी आहे, बाकीच्यांना मर्यादा आहेत, हेही खरेच. पण ‘अमुक-फ्री’ वाचल्यावर त्याच्या जागी काय आले, हे विचारायला हवे.

निसर्गाबद्दलचा भाबडेपणा मराठी माणसाला खरे तर शोभत नाही. त्याला बिब्बा ठाऊक आहे. बिब्ब्याइतके अस्सल वनस्पतिजन्य काही नसेल, आणि त्याचे तेल अंगाला लागले तर फोडच येतात. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. सुवासिक तेलांतले लिनालूल आणि लिमोनीन हवेत जुनी झाली की अनेकांना खाज आणतात.

सगळ्यात गंभीर प्रकरण मात्र पाऱ्याचे. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली. स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम आई आणि दोन मुली वापरत होत्या. तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासात क्रीममध्ये पारा निघाला. केरळमधल्या डॉक्टरांनी याच सुमारास मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण अभ्यासले. अशा 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. पारा त्वचेतल्या रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा पटकन उजळतो आणि क्रीम थांबवले की पुन्हा सावळा होतो. मग बाई ते सोडत नाही. मधल्या काळात पारा त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. घटकांची यादीच नसलेली, उत्पादकाचा पत्ता नसलेली, ‘सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नये’ असे बजावणारी डबी पाहिली की सावध व्हावे. दागिने खराब करणारा पदार्थ कोणता, हे सोनाराला विचारले तर तो लगेच सांगेल.

घटकांची यादी वाचणे अवघड वाटते, पण एक सोपी खूण आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्याखालचे कोणत्याही क्रमाने चालतात. फेनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक एक टक्क्याच्या वर घालता येत नाही. तेव्हा ज्या केशराचे किंवा चंदनाचे चित्र झाकणावर आहे त्याचे नाव यादीत फेनॉक्सिइथेनॉलच्या नंतर आले, तर ते एक टक्क्याच्या आतच आहे. तेवढ्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

उटणे त्यामानाने साधे. नागरमोथा, कपूर कचरी, वाळा, आंबेहळद, सुगंधी कचोरा ओळखीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून सुटे आणून दळता येतात. पूड कोरडी राहिली तर परिरक्षकाची गरजच पडत नाही. तीही नवी असेल तर आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहावी. क्रीमच्या बाबतीत हे आठवडाभर करणे बरे. केसांच्या डायची चाचणी 48 तास आधी. खाज सुटली, सूज आली तर चेहरा धुवावा, डॉक्टरांकडे जावे, पण वैतागून डबी कचऱ्यात टाकू नये. बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि पावती जवळ असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि तपासासाठी उरलेले क्रीमही लागते.