एका बाजूचे दोन हजार हात

भाच्याला सोडायला कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या पोहण्याच्या तलावावर गेलो होतो. त्याच्या बॅचमधला तेरा वर्षांचा एक मुलगा टी-शर्ट काढत होता, तो फक्त डाव्या हातानं, मानेमागून ओढून. उजवा हात वर जातच नव्हता. "दुखतंय का रे?" "न्हाई काका." आणि पाण्यात उडी.

तो उजवा हात डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटे बॅचला शिकवणाऱ्या सरांना गाठलं.

"२५ मीटरला एका बाजूचे साधारण १० हात," सर म्हणाले. "पाच किलोमीटर म्हणजे २०००. रोज." तेरा वर्षांच्या खांद्याचे दोन हजार हात!

पोहून छातीचे स्नायू दणकट होतात, खांद्यामागचे मागे राहतात. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार छोटे स्नायू थकले, की तो वर-पुढे सरकतो आणि वरच्या हाडाखाली स्नायूबंध चिमटतो. म्हणून पाण्याआधी पंधरा मिनिटं रबरी पट्टा: कोपर अंगाला चिकटलेलं, मध्ये टॉवेलची घडी, मनगट सावकाश बाहेर. घडी पडली की पुन्हा पहिल्यापासून. मुलं कंटाळतात, सर कंटाळत नाहीत.

पाण्यात त्यांची नजर हाताच्या पंजावर. अंगठा आधी पाण्यात गेला की खांदा आत वळतो. बोटांची टोकं आधी जायला हवीत. श्वास दोन्ही बाजूंनी. दुखऱ्या खांद्याला 'नुसती किक मार' म्हणून किकबोर्ड देणं त्यांना मुळीच पटत नाही, कारण फळी धरायला हात पुढे ताणलेलेच राहतात.

इथलाच जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा १६ वर्षांचा होता, हे इथल्या पालकांना पाठ आहे. मग बाराव्या वर्षापासून किलोमीटरची घाई. त्यात हे तालमींचं गाव, दुखणं गिळणारा पोरगा इथं कौतुकाचा. या कौतुकाची मला भीती वाटते.

सरांनी त्या मुलाला बोलावलं. "कुठं दुखतंय, दाखव." पूर्ण तळवा दंडावर फिरवला तर बहुधा थकवा, बोटानं नेमकी जागा दाखवली तर थांबायचं, असा त्यांचा ठोकताळा. मुलानं खांद्याच्या पुढच्या बाजूला एक बोट टेकवलं.

वडिलांना फोन झाला, संध्याकाळी फिजिओकडे जायचं ठरलं. मुलगा सरावाची वही घेऊन पायरीवर बसला.

"सर, आज किती किलोमीटर लिहू?"

"हात लिही. शून्य."