चाळीच्या गॅलरीतून पॅराशूट

पॅराशूटचे काम पडण्याचा वेग कमी करण्याचे. उंचावरून सुटलेली वस्तू गुरुत्वाकर्षणामुळे वेग घेत जाते आणि वेगाबरोबर हवेचा विरोधही वाढतो; वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. विरोध वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. हा झाला अंतिम वेग. हातपाय पसरून पालथ्या पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो ताशी सुमारे २०० किलोमीटर असतो. त्याच्या डोक्यावर आठ मीटर व्यासाची छत्री उघडली की तो ताशी वीसेक किलोमीटरवर येतो. पावणेदोन मीटर उंच भिंतीवरून उडी मारली तर जमिनीला पाय टेकताना साधारण एवढाच वेग असतो. धक्का कमी असला तरी असतोच, म्हणून छत्रीधारी सैनिकांना पाय जुळवून, अंग कुशीवर झोकून उतरण्याचा सराव देतात.

फ्रान्सच्या आंद्रे-जाक गार्नेरँ यांनी २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिसमध्ये बलूनमधून पॅराशूटने उतरून दाखवले. ते सुखरूप उतरले, पण वाटेत भयंकर झोके बसले. छत्रीत कोंडलेली हवा कधी एका, तर कधी दुसऱ्या काठाखालून निसटे आणि छत्री कलंडत राही. पुढे छत्रीच्या माथ्यावर भोक ठेवू लागले. हवा मधून संथपणे बाहेर पडू लागली आणि झोके कमी झाले. मुंबईकरांनी हा प्रकार १८८९ मध्ये पाहिला. इंग्रज बलूनवीर पर्सिव्हल स्पेन्सर यांनी त्या वर्षी शहरात बलूनमधून उडी घेऊन पॅराशूटने उतरण्याचा प्रयोग केला. त्यांच्या सहवासात तयार झालेले कोलकात्याचे रामचंद्र चटर्जी पुढच्याच वर्षी पॅराशूटने उतरले.

हे सारे तत्त्व घरच्या घरी तपासता येते, आणि त्यासाठी गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. तिथे तीन-चार मजल्यांच्या गॅलऱ्या असतात आणि मधला चौक वाऱ्यापासून बराचसा आडोशाला असतो. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून ४० सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापावा. चारही कोपऱ्यांना तेवढ्याच लांबीचे दोरे बांधून त्यांची टोके एकत्र गाठावीत आणि गाठीला २५ ते ३० ग्रॅम भरतील इतके लोखंडी वॉशर अडकवावेत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर असे एकसारखे वॉशर हवे तितके मिळतात. सुतळीला दगड बांधून गॅलरीची उंची मोजावी. सोडण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, कठड्यावरून कोणी ओणवे होऊ नये आणि खाली चौक मोकळा असावा. वेळ मोजणारा खाली उभा राहिला तर जमिनीला टेकल्याचा क्षण नेमका कळतो.

नऊ मीटरवरून हे पॅराशूट सुमारे चार सेकंदांत खाली येते. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळे तसेच ठेवायचे, ही शिस्त इथे फार महत्त्वाची. वजन चौपट केले की वेग साधारण दुप्पट होतो, वेळ निम्मा. दुप्पट वजनाने वेग दुप्पट होईल असा बहुतेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात तो दीडपटीहून कमीच भरतो, कारण विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. कापडाचेही तसेच. वेग निम्मा करायचा तर क्षेत्रफळ चौपट लागते, म्हणजे चौकोनाची बाजू ८० सेंटिमीटर. मोठ्या चौकोनाचे स्वतःचे वजन वाढत असल्याने उत्तर नेमके निम्मे येत नाही. हा फरक पकडणे हाच या प्रयोगातला खरा आनंद. प्रत्येक मापाला निदान तीनदा सोडून सरासरी घ्यावी, कारण बोटाने घड्याळ दाबताना चूक होतेच. सकाळी वारा कमी असतो. दुपारी समुद्राकडून झुळूक सुटली की आकडे विस्कटतात.

मग माथ्यावर चार सेंटिमीटरचे भोक पाडून पाहावे. चौकोनाच्या क्षेत्रफळाचा एक टक्काही त्यात जात नाही, त्यामुळे वेग जेमतेम वाढतो, पण झोके कमी होतात. दोऱ्यांची लांबी निम्मी केली तर कोपरे आत ओढले जातात, छत्री पुरती फुगत नाही आणि लवकर पडते. एकेकाळी गिरण्यांनी गजबजलेल्या लालबागमध्ये कापडाचा प्रयोग टाळून चालणार नाही: त्याच मापाचे मलमल आणि जुन्या छत्रीचे कापड घ्यावे, हलक्या तुकड्याला वॉशर वाढवून एकूण वजन सारखे करावे. मलमलीच्या विणीतून हवा झिरपते, म्हणून ती आधी खाली पोचते. पॅराशूटसाठी घट्ट विणीचे नायलॉन वापरतात ते यासाठीच.

आजचे खेळाडू बहुधा आयताकृती पॅराशूट वापरतात. त्याच्या पुढच्या तोंडातून हवा कप्प्यांत शिरते, त्याला पंखासारखा आकार येतो आणि ते हवे तिकडे वळवता येते. पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी घेतली.

फार जड वस्तूला एकदम मोठी छत्री उघडली तर झटक्याने कापड फाटेल. म्हणून भारताच्या गगनयान या मानवी अवकाशयानाच्या सुमारे पाच टनांच्या कुपीला दहा पॅराशूट आहेत. आधी छोटी उघडून वेग उतरवतात, मग २५ मीटर व्यासाची तीन मुख्य छत्रे फुलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हेलिकॉप्टरमधून कुपी सोडून ही मांडणी तपासली गेली. चांद्रयान-३ ला मात्र चंद्रावर हवाच नसल्याने इंजिनांच्या जोरावरच उतरावे लागले.